कराटे स्पर्धेसाठी मॅटची मांडणी

प्रश्न: वडोदऱ्यातील आमच्या मंडळाच्या आंतरशालेय कुमिते (दोन खेळाडूंमधील लढत) स्पर्धेसाठी १ मीटर चौरस मॅट किती लागतील, आणि सभागृहातील खांब अडचणीचे ठरतील का?

उत्तर: जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार मैदान ८ मीटर चौरस असते व त्याभोवती १ मीटरचा सुरक्षापट्टा असतो, म्हणजे एकूण १०० मॅट, त्यांपैकी कडेच्या ३६ वेगळ्या रंगाच्या. खांब पट्ट्यापासून आणखी किमान १ मीटर दूर हवेत.

दुसरे उत्तर: ज्यूदोच्या जाड मॅट मिळाल्या, तरी कृपया घेऊ नयेत, कारण त्यांवर पाय रुततो आणि चपळता जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग मैदान खिडक्यांच्या बाजूला सरकवतो.

तिसरे उत्तर: सरकवल्यावर मॅटमधले सांधे पुन्हा घट्ट बसवावेत, लढतीदरम्यान फट पडल्यास बोटे अडकून दुखापत होते.