शब्दचर्चा: पांघरूण घालणे, पाठीशी घालणे, मिटवणे आणि जाब

प्रश्न (सदर, नागपूर)

आमच्या चर्चच्या महिला मंडळासाठी बालसुरक्षेची मराठी पत्रिका तयार करते आहे. मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या पाळकाबद्दल किंवा फादरबद्दल लिहायला शब्द सापडतात. अडतं ते त्याच्या वरिष्ठांपाशी. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. मसुद्यात कुणीतरी लिहिलंय, ‘काही प्रकरणे दुर्लक्षित राहिली.’ हे वाक्य मला सहन होत नाही. ‘पांघरूण घातले’ लिहावं का? आणि अशा धर्मप्रमुखाकडून जे मागायचं, त्याला उत्तरदायित्व म्हणावं, जबाबदेही म्हणावं, की आणखी काही?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, महाल)

ताई, ‘दुर्लक्षित राहिली’ काढूनच टाका. त्या वाक्यात माणूसच नाही. ‘तक्रार दडपली गेली’, ‘कारवाई होऊ शकली नाही’ हीसुद्धा त्याच जातीची वाक्यं. ‘बिशपांनी तक्रार दडपली’ हाही कर्मणी प्रयोगच आहे, पण तिथे कर्ता तृतीयेत का होईना, उभा आहे. ‘दडपली गेली’ म्हटलं की तो निसटतो. ज्याचं नाव चौकशीत सिद्ध झालं आहे त्याचं नाव लिहा, नसेल तर पद लिहा, पण कर्ता गाळू नका.

आता ‘पांघरूण घालणे’. हे दोषावर घालतात. आई लेकराच्या खोड्यांवर पांघरूण घालते, त्यात माया असते. ती माया या शब्दाला चिकटलेली आहे, म्हणून गुन्ह्याच्या बाबतीत तो मला हलका वाटतो. ‘पाठीशी घालणे’ माणसाला असतं: आपल्या पदाच्या आड अपराध्याला उभं करणं. वरिष्ठाने फादरला वाचवलं असेल तर हाच शब्द. कागद, पत्रं, तक्रारी यांच्यासाठी ‘दडपणे’. दोन्ही घडलं असेल तर दोन्ही लिहा.

आणि ‘बदली’ हा शब्द विसरू नका. एरवी तो किती निरुपद्रवी, सरकारी नोकराच्या घरात रोजचा! पण अमेरिकेतल्या बॉस्टनच्या कॅथलिक चर्चमध्ये जे उघडकीस आलं त्याचं यंत्रच बदली होतं. तक्रार आली की पाद्रीला एका धर्मग्रामातून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतून, दुसऱ्यात पाठवायचं आणि नव्या ठिकाणच्या पालकांना काही सांगायचं नाही. बॉस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने जानेवारी २००२ पासून हे छापलं आणि त्या डिसेंबरात तिथले धर्मप्रमुख कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावं लागलं. २००४ मध्ये त्यांना रोममधल्या एका थोर बॅसिलिकाचं, म्हणजे मानाच्या चर्चचं, प्रमुखपद मिळालं. म्हणून ‘राजीनामा दिला’ एवढं लिहून थांबू नका. आपल्याकडे ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा’ असं म्हणताच वाचकाला हिशेब संपल्यासारखा वाटतो. इथे तो संपलेला नव्हता.

उत्तर (धरमपेठ)

सरांचं पटलं, तरी एक शंका. फादर लोकांवरच का बोलून राहिलो आपण? बाकीच्या धर्मांत हे होत नाही का?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, महाल)

होतं. आसारामच्या खटल्यातली मुलगी आपल्या शेजारच्या छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती. २०१८ मध्ये जोधपूरच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिलीच, शिवाय त्या गुरुकुलातल्या दोघांनाही दोषी धरलं. प्रश्न विचारणाऱ्या ताई त्यांच्या स्वतःच्या चर्चसाठी लिहीत आहेत, म्हणून उदाहरणं तिथली. आपल्याच घरातल्यांना विचारणं जास्त कठीण असतं, आणि त्या ते करत आहेत.

उत्तर (वकील, सिव्हिल लाइन्स)

कायद्याच्या बाजूने दोन शब्द. ‘मिटवणे’ पत्रिकेत आलंच पाहिजे, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त तेच कानावर येतं: ‘आपसात मिटवून घेतलं ना बाप्पा, आता काऊन उकरता?’ मिटवायला दोन पक्ष लागतात. इथे एकीकडे संस्था असते, दुसरीकडे घाबरलेले आईवडील, आणि ज्या लेकराचं वाटोळं झालं त्याला कुणी विचारलेलंही नसतं. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा गुन्हा असाच घरच्यांच्या समझोत्यावरून रद्द झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आदेश फिरवला.

दुसरा शब्द ‘कळवणे’. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ मध्ये गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवायची आहे. धर्मगुरूंना त्यातून वगळलेलं नाही. कलम २१ पुढे जातं: न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पण संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे प्रमुखाचं मौन कायद्याने जास्त गंभीर मानलं आहे. ‘आम्ही अंतर्गत चौकशी केली’ हे कळवणं नव्हे.

आपल्याच भागातलं उदाहरण देते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडपीठाचा निर्णय बाजूला सारला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

‘जबाबदार’ आणि ‘दोषी’ मात्र एक करू नका. फ्रान्सचे कार्डिनल बार्बारिन यांना न कळवल्याबद्दल २०१९ मध्ये शिक्षा झाली, २०२० मध्ये अपिलात ते सुटले. त्यांना ‘दोषी’ लिहिता येणार नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीचे बिशप फिन २०१२ मध्ये न कळवल्याबद्दलच दोषी ठरले, तरी २०१५ पर्यंत बिशपच राहिले.

उत्तर (प्रश्नकर्ती, सदर)

मॅडम, सर, मनापासून आभार. ‘जबाबदेही’ इथे बोलण्यात येतं, पण ते हिंदीतून आलंय, आणि ‘उत्तरदायित्व’ आमच्या मंडळातल्या आज्या वाचतील आणि पुढे जातील. ‘जाब’ चालेल का?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, महाल)

चालेल काय, तोच घ्या. जाब आणि पोलीस नोंदवतात तो जबाब, दोन्ही अरबी ‘जवाब’पासूनचे. ‘उत्तरदायित्व’ एकट्याचं असू शकतं, मनातल्या मनातही असू शकतं. जाब एकट्याचा नसतो. तो कुणीतरी विचारतं आणि कुणाला तरी द्यावा लागतो. इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला तो असा. एका अत्याचाऱ्याबद्दल कळल्यावर त्यांनी २०१३ मध्येच पोलिसांकडे जायला हवं होतं, असं चौकशी अहवालाने लिहिलं आणि अत्याचार सोसलेल्यांनी त्यांना जाब विचारला.

उत्तर (प्रश्नकर्ती, सदर)

मग वाक्य असं करते: ‘ज्या धर्मप्रमुखाने अत्याचाऱ्याला पाठीशी घातले, तक्रार दडपली किंवा त्याची गुपचूप बदली केली, त्याला मंडळी जाब विचारतील, आणि त्याने पोलिसांना का कळवले नाही हे त्याला सांगावे लागेल.’ खाली चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक. एकच उरलं: ‘पीडित’ ठेवू का?

उत्तर (वकील, सिव्हिल लाइन्स)

कायद्याच्या ओळीत ‘पीडित’ ठेवा. बाकी सगळीकडे ‘मुलगा’, ‘मुलगी’ लिहा. आणि ‘मंडळी’च्या जागी ‘आम्ही’ करा.