निवृत्तीनंतर पाळीच्या ड्युटीची सवय सुटत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. सरकारी रुग्णालयात ३४ वर्षं परिचारिका होते, ३१ मेला ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. मुक्काम नाशिक. रात्री दोनला अजून दचकून जाग येते, आणि हात आपोआप मिस्टरांच्या मनगटाकडे जातो, नाडी बघायला. मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. दिवस तर संपता संपत नाही.

दुपारची झोप, चार वाजल्यानंतरचा चहा बंद केला. डॉक्टरांना दाखवलं, थायरॉइड, साखर सगळं नॉर्मल. झोपेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, एवढं नक्की. योगासनांचा वर्ग लावलाय, भिशीतही गेले, पण मन रमलं नाही. मला कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय. पेन्शन आहे, पैशांची अपेक्षा नाही. गुडघ्यांमुळे जास्त वेळ उभं राहणं आणि रात्रपाळी मात्र जमणार नाही. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी अजून वैध आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांना कूस बदलणं, बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) न होऊ देणं, नळीतून भरवणं शिकवावं असं मनात आहे. असं काम आठवड्यातून दोन-तीन सकाळी कुणी करतं का, सुरुवात कुठून केलीत? आणि पाळीची नोकरी केलेल्यांनो, तुमची रात्रीची झोप जागेवर यायला किती महिने लागले?