मदत हवी आहे: तीन चेन एकत्र घातल्या की गुंता होतो
मंडळी, गळ्यात दोन-तीन नाजूक चेन एकावर एक घालायची भारी हौस आहे, पण तासभर होत नाही तोवर त्यांची वेणी झालेली असते! माझ्याकडे १६, १८ आणि २० इंचांच्या चेन आहेत. म्हणजे प्रत्येकीत २ इंचांचं अंतर आहे, तरी ही गत. तिन्ही सारख्याच बारीक विणीच्या आहेत, म्हणून होत असेल का? मधली जरा जाड घेतली आणि पेंडंट फक्त सगळ्यात लांब चेनला ठेवलं, तर वजनाने ती खाली राहील असं वाटतंय. कुणी करून पाहिलंय? तिन्ही चेन एकत्र अडकवायचा हूक मिळतो, तो मानेला टोचतो का?

हातातही घोळ आहेच. घड्याळाशेजारी २२ कॅरेटची बांगडी घालते. सोनं मऊ, घड्याळाचा पट्टा स्टीलचा. बांगडीवर ओरखडे दिसायला लागलेत. मध्ये दोऱ्याचं ब्रेसलेट घालून भागेल, की बांगडी सरळ दुसऱ्या हातात घालू?

सोनेरी-चंदेरी एकत्र चालतं हे मला पटलंय, त्यावरून नका भांडू. बंद गळ्याच्या टॉपवर मात्र किती इंचांपासून सुरुवात करावी, तेवढं सांगा.