शर्ट ओढून पाडलं आणि दाखवलं पिवळं कार्ड. हे लाल नव्हतं?

गोदाकाठचा बॅक (नांदेड):
ज्यांनी परवाची फुटबॉलची सेमीफायनल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही 1-0 ने मागे, शेवटची दहाएक मिनिटं राहिलेली. आमच्या हाफमधून लांब बॉल गेला आणि आमचा नऊ नंबरचा फॉरवर्ड त्यांच्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, मागे टाकून सुटला. डीच्या (पेनल्टी एरियाच्या) अलीकडे चार-पाच मीटरवर स्टॉपरनं मागून शर्ट धरला, पोरगं आडवं. पुढे फक्त गोली. रेफरीनं शिट्टी मारली, खिशात हात घातला अन् काढलं काय, तर पिवळं! फ्री किक त्यांच्या पोरांच्या भिंतीला लागली, मॅच गेली.

माझं म्हणणं एवढंच की बॉल खेळायचा प्रयत्नच नव्हता. नुसतं कापड धरलं. स्टॉपर लास्ट मॅन होता, मागे बचावाला दुसरा कुणी नाही. ह्याला लाल नाही तर कशाला लाल?

शिट्टी परभणीची:
भाऊ, 'लास्ट मॅन' असं नियमात कुठंच लिहिलेलं नाही. लाल मिळतं ते हुकमी गोलची संधी हिरावली तर, आणि ते ठरवायला फुटबॉलचा बारावा नियम चार गोष्टी बघायला सांगतो: फाउल गोलपासून किती लांब झाला, खेळाची दिशा गोलकडे होती का, बॉल ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता किती, आणि बचाव करणारे किती व कुठं होते. तुमच्या प्रसंगात अंतर आणि दिशा यावर वाद नाही. उरलेल्या दोन गोष्टींवर मात्र लई बोलता येईल. मी त्या दिवशी शिट्टीवर नव्हतो, पण व्हिडिओ पाहिलाय.

वेरूळ एक्सप्रेस (संभाजीनगर):
शर्ट ओढला म्हणजे आपोआप लाल, हा गैरसमज आधी काढा. 2021 मध्ये वेम्बलीवर युरोची फायनल आठवा. अगदी शेवटी इंग्लंडचा साका उजवीकडून सुटला आणि इटलीच्या किएल्लीनीनं त्याची कॉलर धरून अक्षरशः मागे खेचला. पिवळंच मिळालं, आणि बरोबर मिळालं. साका टचलाइनजवळ होता, गोल अजून लांब होता. चढाई मोडली, पण हुकमी गोल गेला असं कुणी म्हणू शकत नाही.

लातूरचा डावा पाय:
साका कुठं आणि हा नऊ नंबर कुठं! हा डीच्या तोंडाशी होता की. उदाहरण द्यायचंच तर वाल्वेर्देचं द्या. जानेवारी 2020, जेद्दाह, स्पॅनिश सुपर कपची फायनल. 115 व्या मिनिटाला अ‍ॅटलेटिकोचा मोराता एकटा सुटला, रियलच्या वाल्वेर्देनं डीच्या बाहेर मागून पाडला, लाल. रियल पेनल्टीवर जिंकली आणि सामनावीर कोण, तर वाल्वेर्दे! म्हणजे लाल घेऊनसुद्धा हा सौदा परवडतो. तिथं तुम्ही पिवळ्यावर सोडलं तर प्रत्येक स्टॉपर हेच करणार.

शिट्टी परभणीची:
वाल्वेर्देच्या वेळी मोरातासमोर गोलीशिवाय कुणी नव्हतं आणि बॉल त्याच्याच पुढ्यात होता. आता नांदेडचा व्हिडिओ थांबवून बघा. शर्ट धरला त्या क्षणी बॉल टप्पा खाऊन नऊ नंबरच्या डोक्याच्या वर गेलाय, तीन-चार पावलं पुढे. काळ्या मातीचं वाळून टणक झालेलं ग्राउंड, त्यावर लांब बॉल पडला की कसा उसळतो ते आपल्याला सांगायला नको. गोली पेनल्टी स्पॉटच्याही पुढे आलाय. आणि त्यांचा लेफ्ट बॅक आतल्या बाजूनं धावतोय, तो फार तर दोन पावलं मागे. रेफरीनं हुकमी संधी न धरता नुसती 'आश्वासक चढाई रोखली' म्हणून पिवळं दिलं असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

गोदाकाठचा बॅक (नांदेड):
सर, लेफ्ट बॅक व्हिडिओत जवळ दिसतोय कारण व्हिडिओ गोलमागून काढलाय. मी टचलाइनला उभा होतो. तो किमान सहा-सात मीटर लांब होता अन् दमलेला. तो पोचलाच नसता.

लातूरचा डावा पाय:
आणि टप्प्याचा मुद्दा मला मुळीच पटला नाही. असं असेल तर आपल्या मराठवाड्यात कुणालाच कधी लाल मिळायचं नाही! गवत आहे किती ग्राउंडवर? बॉल उसळणारच. पोरं लहानपणापासून ह्याच मातीत खेळतात, उसळता बॉल छातीवर घेऊन मारणं त्यांना टीव्हीवरच्या खेळाडूंपेक्षा जास्त जमतं. शक्यता मोजायची तर ह्या ग्राउंडवरच्या ह्या पोराची मोजा.

शिट्टी परभणीची:
हे मात्र मान्य. बॉल पायाशी हवाच असं नियम म्हणत नाही, ताब्यात येण्याची शक्यताही धरायची. म्हणून मी उसळीकडे वेगळ्या कारणानं बघतो: आधी कोण पोचणार, नऊ नंबर की गोली? गोली निघालेला होता आणि बॉल त्याच्याकडेच चालला होता. मला गोली अर्धं पाऊल आधी वाटतो. तुम्हाला फॉरवर्ड वाटतो. जिथं दोन जाणती माणसं पाच वेळा व्हिडिओ बघून भांडतात, तिथं एका नजरेत लाल कसं काढायचं?

बॉर्डरवरचा प्रेक्षक:
एक बाळबोध प्रश्न. स्टॉपरनं मुद्दाम नाही, चुकून पाडलं असतं तर?

वेरूळ एक्सप्रेस (संभाजीनगर):
फाउल असेल तर हेतू कोण बघत नाही. फेब्रुवारी 2021, वुल्व्ह्ज-आर्सेनल. आर्सेनलचा डेव्हिड लुईझ मागून धावत होता, त्याच्या गुडघ्याला वुल्व्ह्जच्या विलियन जोझेचा पाय लागला. पेनल्टीही आणि लालही. अपील केलं, तेही फेटाळलं.

गंमत अशी की डीच्या आत बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना पाडलं असतं तर पेनल्टी आणि पिवळं. 2016 पासून तसं आहे, कारण पेनल्टी, लाल आणि पुढच्या मॅचची बंदी अशी तिहेरी शिक्षा जास्त होते असं ठरलं. लुईझनं खेळायचा प्रयत्नच केला नव्हता, म्हणून सुटला नाही. डीच्या बाहेर ही सवलत नाही. तिथं प्रामाणिक टॅकल असलं तरी हुकमी संधी गेली की लाल.

स्टीलनगरी (जालना):
मी वेगळंच बोलतो, शिव्या द्या. असल्या स्पर्धेत लाल कार्डानं मॅचची मजा जाते. लोक उन्हात उभं राहून अकरा विरुद्ध अकरा बघायला येतात. 2006 ची चॅम्पियन्स लीग फायनल घ्या. अठराव्या मिनिटाला आर्सेनलच्या गोली लेहमननं बार्सिलोनाच्या एटोला पाडलं. बॉल बार्सिलोनाच्याच ज्युलीकडे गेला, त्यानं जाळ्यात मारलासुद्धा. पण शिट्टी आधीच वाजलेली. गोल गेला, लेहमन बाहेर, आर्सेनल दहा जणांवर. रेफरी शिट्टी न मारता, खेळ चालू ठेवून दोन सेकंद थांबला असता तर अ‍ॅडव्हान्टेज, गोल, आणि लाल निघालंच नसतं.

लातूरचा डावा पाय:
थांबायला हवं होतं हे खरं. पण मजेसाठी लाल टाळा म्हणायलात, हे नाही चालायचं. 1980 च्या एफए कप फायनलमध्ये वेस्ट हॅमचा सतरा वर्षांचा पॉल अ‍ॅलन एकटा सुटला होता, आर्सेनलच्या विली यंगनं मागून पाडला आणि पुढे मॅच खेळत राहिला. तेव्हा अशा फाउलला लाल नव्हतं. असल्याच प्रकारांमुळे नव्वदच्या सुरुवातीला नियम कडक झाला. तुम्ही आम्हाला परत 1980 मध्ये नेऊन बसवायलात.

स्टीलनगरी (जालना):
नेतो की. तेव्हाचा फुटबॉल वाईट होता का?

शिट्टी परभणीची:
तो वाद नंतर. मला खरी अडचण दुसरीच दिसते. लांब बॉल पडला तेव्हा रेफरी मागे, निदान तीस मीटरवर. त्या कोनातून लेफ्ट बॅक किती लांब आहे हे कळणं अवघड. ते सांगू शकतो लाइन्समन, कारण तो ऑफसाइडसाठी बचाव करणाऱ्यांच्या रेषेतच पळत असतो. आणि आपल्या स्पर्धेत लाइन्समन कोण? आयोजकांनी ऐन वेळी उभी केलेली पोरं. झेंडा वर-खाली करायचा एवढंच त्यांना सांगितलेलं असतं.

गोदाकाठचा बॅक (नांदेड):
सर, ह्यावर शंभर टक्के. आमच्या बाजूचा लाइन्समन माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. रेफरीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी नंतर त्याला विचारलं, तर म्हणतो, "मला वाटलं लालच देतील, म्हणून मी गप्प."

लाल होतं ह्या मतावर मी ठाम आहे. गोली आधी पोचला असता हे तुमचं म्हणणं व्हिडिओवरून आहे, माझं डोळ्यानं बघितलेलं आहे.

शिट्टी परभणीची:
आणि तुमचे डोळे हरलेल्या टीमचे आहेत, भाऊ. राग नका मानू.

बॉर्डरवरचा प्रेक्षक:
म्हणजे तो स्टॉपर रविवारी फायनल खेळणार?

गोदाकाठचा बॅक (नांदेड):
खेळणार की, लाल असतं तर बाहेर बसला असता. समोरच्या टीमच्या फॉरवर्डला निरोप धाडलाय, शर्ट आत खोचून उतर म्हणून.