देव जमिनीचा मालक की खोत?

वाडीकर, वसई : काल ‘माडाखाली’ यांनी येथे लिहिले की, ख्रिस्ती शिकवणीनुसार देवाने पृथ्वी माणसाला आंदण दिली असल्याने ती ओरबाडण्यात त्या लोकांना वावगे वाटत नाही, आणि आपण मात्र देवराया राखतो. हे वाचून गप्प बसवेना. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पृथ्वीवर सत्ता चालवण्याची आज्ञा आहे, हे खरे. पण दुसऱ्याच अध्यायात माणसाला एदेन बागेत ठेवले आहे ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि राखणदाराला कोणी बाग आंदण देत नाही. लेवीय 25:23 मध्ये तर देव बजावतो की जमीन कायमची विकू नका, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. म्हणूनच दर 50 व्या वर्षी विकलेले शेत मूळ घराण्याकडे परत जावे, असा नियम होता.

माडाखाली, राजापूर : पृथ्वी परमेश्वराची आहे असे 24 वे स्तोत्र म्हणते, परंतु 115 व्या स्तोत्रात त्याने ती मानवाला दिल्याचेही लिहिले आहे, ते आपण सोयीस्करपणे गाळले. शिवाय वसईतील बावखले, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, कोणी बुजवली?

वाडीकर : आमचे बावखल माझ्या सख्ख्या काकांनीच भरून इमारतीसाठी दिले. दर रविवारी ते पहिल्या बाकावर बसत. त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या परिपत्रकात माणसाची सत्ता म्हणजे मनमानी हा अर्थ नाकारला आहे, तोही आपण वाचावा. आणि आपल्या देवराईतील लाकूड कधी तुटलेच नाही, असे आपण शपथेवर सांगाल का?

अर्धेलवाला, चिपळूण : मालक कधी शेतात दिसत नाही, हिस्सा मात्र पोहोचता करावा लागतो, असा हा देव आमच्या पणजोबांच्या ओळखीचा आहे. त्याला आम्ही खोत म्हणत असू. अर्धे भात त्याच्या घरी जाई, वर वेठ वेगळी.

जुना वाडा : खोतांना शिव्या घालण्यासाठी आता बायबलही पुरते, हे आजच कळले. आमचे घराणे खोतांचे. खोत हा मुळात सरकारचा वसूलदार होता, जमिनीचा निर्माता नव्हे!

अर्धेलवाला : वसूलदार होता, तर मालकासारखा का वागत होता? 1949 मध्ये कायदा करून खोती काढावी लागली, ती उगाच नव्हे.

वाडीकर : आपण दोघांनी भांडता भांडता माझेच काम केले. या गोष्टीत खोत देव नाही, माणूस आहे. त्याच्याकडे व्यवस्था सोपवली होती आणि तो स्वतःला धनी समजू लागला. माझ्या काकांचेही तेच झाले.

माडाखाली : उपमा आमच्याच मुलखातली असल्यामुळे नाइलाजाने मान्य करतो. देवराईबद्दलही सध्या गप्प राहतो, कारण आमच्या गावच्या राईत आता झाडांपेक्षा खुंट जास्त आहेत. परंतु कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा कूळच मालक मानला गेला. त्याच न्यायाने देवाची जमीनही माणसाच्या नावावर चढली, असे का म्हणू नये?

वाडीकर : अवश्य म्हणावे. मात्र खरेदीची किंमत भरल्याशिवाय कुळालाही त्या कायद्याच्या कलम 32 म चा मालकीचा दाखला मिळत नसे. माणसाने ती भरल्याची पावती आपल्याकडे असल्यास येथे चिकटवावी.