मदत हवी आहे: ४ टीबी फुटेज, दोन हार्ड डिस्क आणि २० एमबीपीएसचं नेट. क्लाउडवर नक्की काय ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून दशावतारावर माहितीपट करतोय. दोन वर्षं जत्रांच्या हंगामात सिंधुदुर्गात शूटिंग केलं. मी कुडाळजवळच्या गावात असते, एडिटर पुण्यात, साउंडचं काम बघणारा मुंबईत. फुटेज ४ टीबी झालंय, म्हणजे साधारण ६३ तास. ते ५ टीबीच्या दोन डिस्कवर आहे. कार्डं फॉरमॅट करून पुन्हा वापरली, त्यामुळे तिसरी प्रत कुठेच नाही.

एडिटरला निवडक क्लिप एका क्लाउडवरून पाठवल्या होत्या. आमच्या कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं की नंबर पुन्हा सी०००१ पासून सुरू होतात. आता जितकी कार्डं भरली तितक्या सी०००१ आहेत. डाउनलोड होताना काही फाइलींच्या नावापुढे १, २ लागले, आणि एडिटरने त्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा जोडल्यावर (रीलिंक) मुलाखतीच्या जागी दुसऱ्याच जत्रेतलं पहाटेचं युद्ध आलं. त्यात काल एक डिस्क टकटक वाजायला लागली.

ती मुलाखत एका जुन्या कलाकाराची आहे. डाव्या हातात आरसा, उजव्या हाताच्या करंगळीने भुवई रंगवताहेत, शेजारी पेटारा. हात न थांबवता ते १८ मिनिटं बोलले. गेल्या श्रावणात ते गेले. घरच्यांकडे त्यांचा बोलतानाचा दुसरा व्हिडिओ नाही. त्यांच्या मुलाला ही मुलाखत द्यायचा शब्द दिलाय मी.

सगळं फुटेज इथून क्लाउडवर चढवावं का? हिशोब केला तर २० एमबीपीएसला तासाला ९ जीबी जातात, म्हणजे नेट एकदाही न तुटता साडेअठरा दिवस. पावसाळ्यात लाइटच इतके दिवस सलग राहत नाहीत. फक्त प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या प्रती, चढवल्या तर चालेल का? आणि नावांचा घोळ कसा निस्तरू?

कातरकाम:
ताई, आधी ती वाजणारी डिस्क काढून ठेवा. चालते का बघायला पुन्हा लावू नका. आजच नवी डिस्क आणा आणि चांगल्या डिस्कवरून तिच्यावर कॉपी घ्या. क्लाउडचं त्यानंतर बघू. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात, हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे आणि तुमची सध्या एकच भरवशाची प्रत उरलीय.

प्रॉक्सीबद्दल: एडिटसाठी त्या पुरतात. १०८०पी, १० एमबीपीएसच्या एच.२६४ फॉरमॅटमध्ये केल्यात तर ६३ तासांचे २८५ जीबीच्या आसपास होतील, तुमच्या नेटवर दीड दिवसाचं काम. पण प्रॉक्सी करायच्या आधी मूळ फाइलींची नावं बदला: तारीख, कार्ड नंबर, मग सी०००१. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडताना फाइलचं नाव आणि टाइमकोड (क्लिपवरची वेळेची खूण) बघतं, त्यामुळे नावं एकसारखी राहिली तर हाच गोंधळ पुन्हा होईल. टाइमलाइनवर आधीच बसलेल्या क्लिप हाताने जोडून घ्याव्या लागतील, त्याला इलाज नाही.

रात्रपाळी:
नावं बदलण्याआधी तसाच्या तसा कार्ड फोल्डर एका डिस्कवर राहू द्या, कॅमेरा क्लिपची माहिती ज्यात लिहितो त्या एक्सएमएल फाइलींसकट. माझ्याकडून एकदा त्या उडाल्या, पुढे कलर करताना फार त्रास झाला.

मूळ ४ टीबी कुडाळहून चढवूच नका. नवी डिस्क रात्रीच्या गाडीने पुण्याला पाठवा, सकाळी पोचते. एडिटरकडे फायबर असेल तर तो तिथून चढवेल. गूगल ड्राइव्हवर एका खात्यातून दिवसाला ७५० जीबीच जातात, तेव्हा कितीही वेगवान नेट असलं तरी सहा दिवस धरा. २ टीबीचा प्लॅन तुम्हाला पुरणार नाही हेही बघून ठेवा. ब्राउझरमधून अख्खा फोल्डर डाउनलोड करू नका, झिपचे तुकडे होतात. क्लाउडवर फाइली चढवा-उतरवायला आरक्लोन हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. त्यात 'सिंक' नको, 'कॉपी' द्या; सिंकमध्ये इकडे उडालेली फाइल तिकडूनही उडते. शेवटी 'चेक' चालवलंत की दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळतात का ते कळतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. कालच सावंतवाडीहून नवी डिस्क आणली. रात्रभर कॉपी चालली, मी दर तासाला उठून बघत होते. मुलाखतीची क्लिप कार्ड नंबर ७ मधली सी००१४ निघाली. नव्या डिस्कवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, पूर्ण आहे, आवाजासकट.

ती १९ जीबीची एकच फाइल आत्ता इथूनच चढवतेय, दोन तासांवर काम आहे. डिस्क शुक्रवारी पुण्याला निघेल. आज संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन त्या कलाकार आजोबांच्या मुलाकडे जाऊन येते.

अजून एक विचारायचं राहिलं: साउंडवाल्याला मुंबईत प्रॉक्सीतला आवाज चालेल, की वेगळ्या रेकॉर्डरवरच्या आवाजाच्या वेव्ह फाइली स्वतंत्र पाठवू?

कातरकाम:
वेव्ह फाइली मूळच पाठवा. व्हिडिओच्या मानाने त्या अगदी हलक्या असतात, एका रात्रीत जातील. त्यांचीही नावं कार्ड नंबरप्रमाणेच लावा.