मदत हवी आहे: मराठी प्रार्थनेतली शेवटची दहा मिनिटं

नमस्कार मंडळी. म्हापशात आम्हा सात-आठ मराठी बोलणाऱ्यांचा शास्त्रवाचनाचा (बायबल वाचून प्रार्थना करण्याचा) गट आहे. पद्धत जुनीच, 12व्या शतकात दुसरा गीगो या ख्रिस्ती मठवाशाने मांडलेली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवाच्या प्रीतीत नुसतं बसणं. वेळ 40 मिनिटं. पहिल्या तीन पायऱ्या ठीक जमतात, चौथी कोसळते. कोणी पेंगतं, कोणी पुन्हा मागण्यांची यादी सुरू करतं.

एक कारण कळलंय: उतारा लांब होता. लूक 15 मधली उधळ्या मुलाची गोष्ट 22 वचनांची, त्यामुळे डोकं कथेतच फिरतं. आता फक्त 20वं वचन घेतो. बाप लांबूनच पाहतो, धावतो, गळ्यात पडतो. तीनदा सावकाश वाचायचं, प्रत्येक वेळी दोन मिनिटं गप्प. फरक पडला, पण अर्धाच.

विचारायचंय ते असं:

नवख्यांना दहा मिनिटांची शांतता जास्त होते का? पाचापासून सुरू करावं?

मन भटकलं की परतायला एकच शब्द धरतात. कोंकणीत 'मोग' (प्रेम) म्हटलं की गळा भरून येतो. मराठी बायबलातलं 'प्रीती' जरा पुस्तकी वाटतं. तुम्ही काय वापरता?

आणि काहीच जाणवत नाही म्हणून सोडू पाहणाऱ्यांचं काय? संत इग्नाती (जेझुइट संघाचा संस्थापक) अशा कोरडेपणात वेळ कमी न करता उलट थोडी वाढवायला सांगतो. गटात हे कसं पेलतं? (प्रवचन नको, करून पाहिलेलं सांगा.)